वाचक विचारतात: सण सुगीचा, मग रात्रभर जागून अभ्यास कशाला?

या महिन्यात शावुओत या यहुदी सणाबद्दल तीन पत्रं आलीत, एक इस्रायलमधून, एक कोल्हापूरहून आणि एक ठाण्याहून. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण ते तसंच ठेवते.

प्रश्न: ताई, मी सांगलीची, गेले आठ महिने रेहोवोतला पोस्टडॉक करतेय. लॅबमधल्या मैत्रिणीने २१ मेला जेरुसलेमला तिच्या आईवडिलांकडे बोलावलंय. शावुओत आहे, आणि जेवणं झाली की सगळे पहाटेपर्यंत बसून अभ्यास करतात म्हणे. मला हिब्रू जेमतेम वाचता येतं, धर्माचं तर काहीच माहीत नाही. सुगीचा सण आणि रात्रभर अभ्यास हे काही जुळत नाहीये. आपल्या कोजागिरीसारखं आहे का? मी गेले तर उगाच अडचण होईल का त्यांना? आणि जाताना काय नेऊ?

उत्तर: जा गं, नक्की जा. अडचणीचं तर मनातून काढूनच टाक, का ते सांगते.

आधी सुगीचं बघू. पेसाख हा गुलामीतून सुटकेचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी जेरुसलेमच्या देवळात जवाची पहिली पेंढी वाहायची, तिला ओमेर म्हणायचे, आणि तिथून एकेक दिवस मोजत ४९ दिवस पूर्ण करायचे, की पन्नासावा दिवस शावुओत. शावुओत म्हणजे आठवडे, सात आठवडे. जव आधी पिकतो आणि गहू नंतर, म्हणून मोजणी जवापासून सुरू होते आणि शावुओतला नव्या गव्हाच्या दोन भाकरी देवळात जायच्या. अजूनही लोक हे दिवस रोज रात्री मोजतात, शेत असो नसो. म्हणूनच सणाच्या संध्याकाळची प्रार्थना पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबवतात, सातवा आठवडा थोडाही कमी पडायला नको ना. त्यामुळे जेवणच उशिरा सुरू होईल, दुपारी नीट खाऊन घे.

शावुओतपासूनच पहिली फळं जेरुसलेमला न्यायचे दिवस सुरू व्हायचे. मिश्ना या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, जुन्या नियमग्रंथात त्याचं इतकं सुंदर वर्णन आहे की मला ते दरवर्षी वाचावंसं वाटतं. शेतकरी शेतात जातो, पहिलं अंजीर नाहीतर डाळिंब धरलेलं दिसतं, तो त्याला लव्हाळ्याची दोरी बांधून ठेवतो आणि म्हणतो, हे बिक्कुरिम, म्हणजे पहिलं फळ. मग गावोगावचे लोक एकत्र निघायचे, रात्री गावाच्या चौकात उघड्यावर झोपायचे, पुढे बैल, त्याच्या शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, बासरी वाजतेय, आणि जेरुसलेममध्ये शिरले की तिथले कारागीर हातातलं काम टाकून उठून उभे राहायचे आणि अमक्या गावच्या भावांनो या म्हणायचे. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या फोकांच्या.

टोपली खांद्यावर घेऊन काही ओळी म्हणाव्या लागायच्या, माझा बाप भटका अरामी होता, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतो, देवाने सोडवून या जमिनीत आणलं, अशा. त्या हिब्रूतच म्हणायच्या. ज्यांना येत ते स्वतः म्हणत आणि येत नसे त्यांना कोणीतरी आधी सांगे, मग ते मागून म्हणत. पण झालं काय, की न येणाऱ्यांना चारचौघांत लाज वाटायला लागली आणि त्यांनी फळं आणणंच बंद केलं. तेव्हा नियम बदलला, ज्याला येतं त्यालाही सांगायचं आणि येत नाही त्यालाही सांगायचं, सगळ्यांनी मागूनच म्हणायचं. तू जे लिहिलंयस ना, मला काहीच येत नाही, मी कशी जाऊ, त्याची सोय या सणात इतक्या आधी केलेली आहे!

आता अभ्यासाचं. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने देऊळ पाडलं, टोपली न्यायला जागाच राहिली नाही. पण सण संपला नाही. सिनाय पर्वतावर तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, मिळाली ती याच दिवशी, असं रब्बींनी मोजून काढलं होतं, आणि हळूहळू तीच बाजू मोठी झाली. जुन्या कथेत असं आहे की तोरा मिळायची त्या सकाळी लोक झोपूनच राहिले आणि मोशेला त्यांना उठवावं लागलं. ती चूक सुधारायची म्हणून आपण त्या रात्री झोपायचं नाही. या जागरणाला तिक्कुन लेल शावुओत म्हणतात, तिक्कुन म्हणजे दुरुस्ती. प्रथा रुजली ती १५३० च्या दशकात, तुर्की साम्राज्यात. योसेफ कारो आणि श्लोमो अल्काबेत्स हे दोन रब्बी आणि त्यांचे सोबती एका शावुओतला रात्रभर वाचत बसले आणि अल्काबेत्सने त्या रात्रीचं पत्र लिहून ठेवलं. मध्यरात्री कारोच्या तोंडून एक वेगळाच आवाज बोलू लागला आणि आज तुम्ही दहा जण (सामूहिक प्रार्थनेला लागतात तेवढे) असतात तर किती बरं झालं असतं म्हणाला, तर दुसऱ्या रात्री त्यांनी माणसं जमवून दहा केले आणि पुन्हा जागले. पुढे दोघंही उत्तर इस्रायलमधल्या त्सफातला गेले आणि तिथून ही रीत सगळीकडे पोचली. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताचं 'लेखा दोदी' हे गाणं ऐकतेस ना, ते याच अल्काबेत्सचं.

कोजागिरीचं म्हणशील तर दूध आणि जागरण दोन्हीकडे आहे खरं, पण इथे चंद्राची वाट बघायची नाही. ही हिब्रू महिन्याची सहावी तिथी, कोर असते आणि तीही मध्यरात्रीच्या आसपास मावळते. अंधारात पुस्तक उघडून बसायचं. आणि एकट्याने नाही, जोडीने. दोघांनी एकच पान घेऊन मोठ्याने वाचायचं आणि भांडायचं, याला खवरुता म्हणतात. जुन्या पद्धतीचं छापील पुस्तक घेतलं तर त्यात तनाखच्या, म्हणजे हिब्रू बायबलच्या, २४ पुस्तकांची प्रत्येकी सुरुवात आणि शेवट, मिश्नाचे तुकडे, ६१३ आज्ञांची यादी असं असतं. पण बऱ्याच घरी हल्ली एक विषय ठरवतात आणि तासातासाला कोणीतरी नवीन बोलतं. तेल अवीवमध्ये तर अजिबात धार्मिक नसलेले लोकही या रात्री व्याख्यानांना गर्दी करतात, तिथे कवितेवर बोलतात, न्यायावर बोलतात. हे मला मनापासून आवडतं.

आणि रूथ. या सणाला रूथचं पुस्तक वाचतात, फक्त चार अध्याय, तू मराठी बायबलमध्ये आधीच वाचून जा. रूथ मवाबची, म्हणजे परकी, नवरा वारलेला, सासूचा हात सोडत नाही आणि बेथलेहेमला येते, जवाची कापणी नुकतीच सुरू झालेली असते. पोट भरायला ती कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. मी इस्रायलला आले त्या पहिल्या वर्षी असंच एका टेबलावर बसले होते, माझं हिब्रू तेव्हा तुझ्यासारखंच, आणि लेकेत या शब्दावर सगळे अडले होते, म्हणजे अर्थ माहीत होता पण शहरात वाढलेली माणसं, ते प्रत्यक्षात दिसतं कसं हे कोणाला सांगता येईना. मला ऐकता ऐकता कळलं की हा तर सरवा! माझी आजी अलिबागकडची, भात कापून झालं की खाचरात पडलेल्या लोंब्या वेचायला लहानपणी जायची, त्याबद्दल ती इतकं सांगायची, वाकून वाकून पाठ कशी धरते, धसकटं पायाला कशी बोचतात, ओटी भरली की कसं वाटतं. मी ते मोडक्या हिब्रूत सांगितलं आणि रात्री दोन वाजता अख्खं टेबल गप्प बसून ऐकत होतं. त्या रात्रीनंतर मला या देशात परकं वाटणं कमी झालं.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकात २३ व्या अध्यायात शावुओतचे नियम संपतात तिथेच पुढची ओळ आहे की शेताचा कोपरा कापू नका, सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सणाच्या नियमातच परक्याची जागा आहे. म्हणून म्हणते, अडचण वगैरे काही नाही. आणि त्या परक्या रूथचा पणतू कोण, तर दावीद राजा.

आता कामाचं. यंदा शावुओत शुक्रवारी आणि त्याला लागूनच शब्बात, म्हणजे गुरुवारी दुपारनंतर बस-ट्रेन बंद होतील त्या शनिवारी रात्रीच सुरू होतील. दोन रात्रींचे कपडे घेऊन दुपारीच पोच. घर किती धार्मिक आहे हे मैत्रिणीला स्पष्ट विचार, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. धार्मिक असेल तर फोन बंद करून बॅगेत, फोटो नाही, टिपणं काढायला पेनसुद्धा नाही. घरी केलेला पदार्थ नेऊ नको, कोशेरच्या, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या, नियमांमुळे त्यांची पंचाईत होईल. फुलं ने, सण लागायच्या आत दे, या सणाला घर आणि सिनेगॉग हिरव्या फांद्यांनी सजवतात. पांढरा कुर्ता चालेल, खूप जण पांढरं घालतात.

जेवण दुधातुपाचं असेल, चीजकेक तर असणारच. कारणं बरीच देतात. एक म्हणजे तोरा मिळाली त्या दिवशी मांसाचे नियम नवीन, जुनी भांडी वापरता येईनात, मग दूधच प्यायले. मला बायबलमधल्या गीतरत्नातलं जास्त आवडतं, तुझ्या जिभेखाली मध आणि दूध आहे, ती जीभ म्हणजे तोरा वाचणारी.

झोप आली तर सोफ्यावर पड, कोणी काही म्हणत नाही. पण पहाटे चारला उठव म्हणून सांगून ठेव. त्या वेळी जेरुसलेमच्या गल्लीगल्लीतून लोक कोतेलकडे, म्हणजे जुन्या देवळाच्या आवाराच्या पश्चिम भिंतीकडे, चालत निघतात, म्हातारे, पोरं, खांद्यावर झोपलेली बाळं, सूर्य उगवतानाच्या प्रार्थनेसाठी. गाड्या नाहीत, नुसता पावलांचा आवाज. ते चुकवू नको.

प्रश्न: आमच्या चर्चमध्ये ज्याला पेंटेकॉस्ट म्हणतात तो आणि शावुओत एकच का? (कोल्हापूर)

उत्तर: मूळ एकच. पेंटेकॉस्ट हा ग्रीक शब्द, अर्थ पन्नासावा, आणि ग्रीक बोलणारे यहुदी शावुओतलाच तसं म्हणायचे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २, त्यात जेरुसलेममध्ये देशोदेशीचे लोक जमलेत असं आहे ना, ते या सणालाच आले होते. पुढे दोन्ही सण आपापल्या वाटेने गेले, तारखाही वेगळ्या मोजतात.

प्रश्न: आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, ठाण्याला राहतो. नातेवाईक बहुतेक सगळे लोद, अश्दोद, दिमोनाला गेले. आता आम्ही इथे जेमतेम सात-आठ जण जमतो, त्यात दोघं ऐंशीच्या पुढचे. तिक्कुन करावंसं वाटतं, पण रात्रभर कसं जमणार आणि शिकवणार कोण?

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून घर आठवलं. रात्रभर नका करू, बारापर्यंत करा. आणि शिकवायला बाहेरून कोणी कशाला पाहिजे? आपल्या लोकांनी १८८० च्या सुमाराला मुंबईत मराठी कीर्तनं सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, झांजा-पेटीसकट, लोक रात्री उशिरापर्यंत बसून ऐकायचे. मराठीतून तोरा ऐकत जागायची सवय आपल्या घरात आहेच. ऐंशीच्या पुढच्या त्या दोघांपैकी कोणाला कीर्तनातलं एखादं पद आठवतंय का विचारा. आठवलं तर सुरुवात त्याने करा, आणि मुलांना ते तिथेच पाठ करायला लावा.

मग रूथ, मराठीतून, चार अध्याय चौघांनी. मध्ये थांबून बोला, ज्याने शेती बघितलीय त्याला सरव्याबद्दल सांगू द्या. भारतात सण दोन दिवस, यंदा २२ आणि २३ मे, त्यामुळे पहिल्या रात्री अर्धं राहिलं तर दुसऱ्या रात्री पुरं करा, कारो आणि त्याच्या सोबत्यांनीही दोन रात्री केलंच होतं. खायला चीजकेकच पाहिजे असं नाही. तिश्री या हिब्रू महिन्यात आपण खिरीच्या सणाला नव्या धान्याची खीर नारळाच्या दुधात करायचो, तीच करा, गूळ-वेलची घालून, सण लागायच्या आधी शिजवून ठेवा. चौथा अध्याय मात्र सगळ्यात लहान पोराला द्या, शेवटी नुसती नावं आहेत, बवाजापासून ओबेद, ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद, तेवढं त्याला झोप आली तरी वाचता येईल.