विनाचालक गाडी उभी कुठे राहणार?

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी तळघराचा आणखी एक मजला खणायचा ठराव येतो आहे. मुलगा म्हणतो, ‘पुढे गाड्या आपोआप चालतील, कुणी विकत घेणारच नाही, मग खड्डा कशाला?’ त्याचं ऐकावं का?

उत्तर : खड्ड्याबद्दल ऐका, कारणाबद्दल जरा थांबा.

नोकरीत असताना मी पार्किंगची सर्वेक्षणं करायची. दर अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावरून वही घेऊन फिरायचं, नंबर टिपायचे. सकाळी लिहिलेले नंबर संध्याकाळच्या पानावरही तसेच! खासगी मोटार ९५ टक्के वेळ उभीच असते, हा पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा हिशेब म्हणूनच मला कधी अतिशयोक्त वाटला नाही. तुमच्या मुलाची आशा याच ९५ टक्क्यांवर आहे.

लिस्बन शहराच्या आकड्यांवर २०१५ मध्ये संगणकावर एक प्रयोग झाला. मेट्रो चालू ठेवली आणि लोक विनाचालक टॅक्सीत अनोळखी माणसांसोबत बसले, तर आजच्या दहातली एक गाडी पुरते, असं उत्तर आलं. पण मेट्रो काढून प्रत्येकाला स्वतंत्र गाडी दिली, की गाड्यांचं एकूण धावणं जवळजवळ दुप्पट. (अनोळखी माणसाशेजारी बसायला तुमचा मुलगा तयार आहे का, विचारून बघा.)

आणि गाडी स्वतःच्या मालकीची असली तर? मालकाला दारात सोडून ती पार्किंगचे पैसे कशाला भरेल? रिकामी फिरत राहणंच स्वस्त पडेल, असं वाहतुकीचे अभ्यासक अ‍ॅडम मिलार्ड-बॉल यांनी २०१९ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे तिला कुठेही पोहोचायचं नसतं. जितकी हळू चालेल तितका खर्च कमी, म्हणजे कोंडी तिच्या सोयीचीच! रिकाम्या फेऱ्यांवर शुल्क लावलं नाही, तर पार्किंगची गर्दी फक्त रस्त्यावर सरकेल.

भाड्याच्या गाड्यांनाही विसावा लागतोच. सॅन फ्रान्सिस्कोत वेमो या कंपनीची विनाचालक टॅक्सीसेवा जून २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्याच उन्हाळ्यात तिथल्या एका तळावर या गाड्या रात्री एकमेकींना हॉर्न देत बसायच्या. आत माणूस नाही, झोपमोड मात्र शेजाऱ्यांची.

आता तुमचा ठराव. तळघर एकदा खणलं की त्याचं दुसरं काही करणं अवघड. छत बुटकं, उतार तिरपे, उजेड नाही. जागा वाढवायचीच असेल तर जमिनीच्या वर, सपाट तळाची आणि पुरेशा उंचीची बांधा; उद्या तिथे दुसरं काही थाटता येईल. पार्किंगच्या जागेचं भाडंही घराच्या खर्चातून वेगळं काढा, म्हणजे खरी गरज किती ते कळेल.

त्याआधी एखाद्या रात्री दोन वाजता मुलाला घेऊन आहे त्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. निवासी इमारतीत सर्वांत जास्त गाड्या त्याच वेळी असतात. किती खणांत गाडी आहे, किती रिकामे आणि किती जुन्या कपाटांनी अडवलेत, ते मोजून सभेत वाचून दाखवा.