मावशीच्या गाडीच्या इन्शुरन्सवर माझं नाव नाही, ती गाडी मी पुण्याहून कोल्हापूरला चालवत नेली तर चालेल का?

चालेल. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. मावशीने राजीखुशीने किल्ली दिली, तुमच्याकडे चारचाकीचं चालू लायसन आहे आणि पॉलिसी जिवंत आहे, एवढं असलं की पॉलिसीवर नाव मावशीचं आहे म्हणून काही अडत नाही. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे चालवणारा पॉलिसीत बसत नसेल तर 300 पौंड दंड आणि लायसनवर 6 दंडाचे पॉइंट. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून हे ऐकून इकडचे लोक उगाच धास्तावतात.

पण तुम्ही नावाची काळजी करताय आणि तारखेबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. पॉलिसी आज चालू आहे का? मावशीला विचारू नका, ती "हो, भरलाय ना" म्हणेल आणि मनापासून म्हणेल. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या सासरी याच एका गोष्टीवरून झालेली कटकट अजून मिटलेली नाही.

माझा मेव्हणा अमेरिकेत असतो. जाण्याआधी घेतलेली त्याची गाडी सासऱ्यांकडे सहकारनगरला उभी असायची. वर कव्हर, आणि बॅटरी उतरू नये म्हणून सासरे अधूनमधून खाली जाऊन नुसती चालू करून यायचे. घरात कुणाला गावाला जायचं असलं की ठरलेलं वाक्य, "ती गाडी आहे ना, घेऊन जा." सप्टेंबर 2018 पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांची थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी पॉलिसी, एकदमच घ्यावी लागते, तशी यानेही घेतलेली. त्यामुळे इन्शुरन्स भरलेला आहे हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यातला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो कधीच संपला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. पुढे ती तीन वर्षंही संपली. रिन्यूअलचे मेसेज जात राहिले मेव्हण्याच्या इथल्या, बंद केलेल्या नंबरवर.

साताऱ्याला बायकोच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. दोन गाड्या न्यायच्या, ही मी चालवायची असं ठरलं. मला सवय आहे, दुसऱ्याची गाडी हातात घेण्याआधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बघतो. आरसी, पीयूसी आणि इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं. इन्शुरन्ससमोरची तारीख उलटून गेलेली. म्हटलं, कधीकधी अ‍ॅपवर माहिती उशिरा चढते, कागद बघू. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. त्यात आरसीची झेरॉक्स, सर्व्हिसिंगची बिलं, अंगाऱ्याची पुडी आणि चार घड्या घातलेली पॉलिसी. तीच तारीख.

मी सांगितलं, ही गाडी मी नेणार नाही, भाड्याची बोलावू, पैसे मी देतो. खाली पार्किंगमध्ये सगळे नटूनथटून उभे, सासूबाईंच्या हातात ओटीचं सामान, आणि जावई गाडी काढायला नाही म्हणतोय. सासरे म्हणाले, "जावईबापू, घरचीच गाडी आहे, कोण अडवतंय?" साडू म्हणाला, "आणा किल्ली इकडे." आणि निघाले. मी आणि बायको स्वारगेटवरून एसटीने गेलो. तिथे पोचल्यावर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

परत येताना संध्याकाळी, नवीन बोगदा उतरून नवले पुलाकडे येणाऱ्या त्या उतारावर, एका दुचाकीला धडक बसली. साडूचं म्हणणं मुलगा मध्येच आडवा आला, मुलाचं म्हणणं गाडी जोरात होती. मी तिथे नव्हतो, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मुलाची मांडी मोडली, रॉड टाकावा लागला. साडूकडे लायसन होतं, तो प्यालेला नव्हता, आणि मुलाला दवाखान्यात त्यानेच नेलं. त्याबद्दल मी त्याला कधी नावं ठेवलेली नाहीत आणि ठेवणारही नाही.

त्या रात्री मात्र घरात जे चाललं ते मला सहन झालं नाही. कुणाच्या तरी ओळखीतल्या एजंटाला फोन गेला. तो म्हणे, थर्ड पार्टी आत्ता काढून देतो, अपघात उद्या झाला असं सांगा. दोघातिघांनी माना डोलावल्या. अरे, दवाखान्याच्या केसपेपरवर दाखल केल्याची वेळ आहे, पॉलिसीवर ती काढल्याची वेळ छापलेली असते, आणि एक पोरगा पाय मोडून पडलाय! मी त्या फोनवरच नाही म्हणून सांगितलं. त्याचाही राग माझ्यावर.

पुढे शिवाजीनगरला मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागला. पॉलिसी जिवंत असती तर भरपाई कंपनीने दिली असती, वकीलही कंपनीचाच उभा राहिला असता. थर्ड पार्टीत माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला रकमेची मर्यादा नसते, मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. इथे पॉलिसीच नव्हती, त्यामुळे दाव्यात नावं दोनच, मालक आणि चालक. मालक म्हणजे मेव्हणा, ज्याला गाडी साताऱ्याला गेली हेही ठाऊक नव्हतं. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली आणि सासऱ्यांनी एफडी मोडून पैसे भरले.

एवढं सगळं होऊनसुद्धा कुठल्याही कार्यात विषय निघाला की सासूबाई म्हणतात, "तुम्ही चालवली असतीत तर हे झालंच नसतं, तुमचा हात चांगला आहे." आणि बाकीचे मान हलवतात. मला हे अजिबात मान्य नाही. नवले पुलाच्या उतारावर चांगल्या चांगल्या हातांच्या गाड्या ठोकल्या गेल्यात. मागून ट्रकचा ब्रेक फेल झाला तर माझा हात काय करणार? हात चांगला असतो तोवर इन्शुरन्स लागत नाही, हे खरं, पण इन्शुरन्स त्या हातावर विसंबून राहू नये म्हणूनच काढायचा असतो. मी चालवली असती आणि तो मुलगा आडवा आला असता, तर दाव्यात साडूच्या जागी माझं नाव असतं, एवढाच फरक. आपल्या घरांमध्ये गाडी देताना "नीट चालवतोस ना" एवढंच विचारतात. कागद विचारणारा माणूस नात्यात पैसा आणतो म्हणून वाईट ठरतो. मी वाईट ठरलो, मला चालतं.

बरं, आता पोलिसांचं. इन्शुरन्स नसलेली गाडी चालवली तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 4,000, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. हे चालवणाऱ्याला लागू आहे आणि चालवू देणाऱ्यालाही, म्हणजे मावशीही त्यात येते. लायसनचंही बघा. संपल्यानंतर पूर्वी 30 दिवसांची सवलत असायची, 2019 च्या दुरुस्तीत ती गेली. लायसन नसताना चालवलं तर 5,000, आणि ज्याने गाडी दिली त्यालाही 5,000. अठराच्या आतल्या पोराला तर कुणीही किल्ली देऊ नये. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, ते अख्ख्या पुण्याने पाहिलंय. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड अशी तरतूद कायद्यात आहे.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. गाडीचा इन्शुरन्स आहे म्हणजे तुमचाही आहे असं समजू नका. पॉलिसीबरोबर जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा, म्हणजे मावशीचा. तुम्ही तिऱ्हाईतही नाही. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये निंगम्मा खटल्यात म्हटलं की मागून आणलेलं वाहन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे त्याच्या वारसांना त्याच वाहनाच्या कंपनीकडे थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागता येत नाही. 2020 मध्ये रामखिलाडी खटल्यात हेच धरून घरच्यांना त्या जुन्या पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघाताचे एक लाख रुपये तेवढे मिळाले. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्याच्या कंपनीवर दावा करता येतो, तो भाग वेगळा. पण मागून आणलेल्या गाड्या वरचेवर चालवत असाल तर स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. माझी आहे.

काही झालंच तर क्लेम फॉर्मवर चालवत कोण होतं ते खरं लिहा. "मावशी चालवत होती" असं लिहायचा सल्ला गॅरेजवालासुद्धा देईल. ऐकू नका, तेवढ्यावर क्लेम नाकारला जातो. मावशीला पेट्रोल भरून द्या, टोलसाठी तिच्या फास्टॅगमध्ये पैसे टाका, पण दिवसाचं भाडं ठरवून गाडी घेऊ नका. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी भाड्याने दिली तर पॉलिसीची अटच मोडते.

आणि गाडी अजून काकांच्याच नावावर असेल नि काका हयात नसतील, असं पुष्कळ घरांत असतं, तर गोष्ट वेगळी. विमाधारक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालते. तशी असेल तर आधी नाव बदलून घ्या, कोल्हापूर नंतर.

तारीख निघायच्या आदल्या रात्री बघू नका, आठवडाभर आधी बघा. संपलेली कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी पॉलिसी, परत काढायची तर कंपनी आधी गाडीची पाहणी करते, फोटो-व्हिडिओ मागते. संपून 90 दिवस उलटले असतील तर मावशीचा नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, आणि तो 50 टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. नुसती थर्ड पार्टी ऑनलाइन लगेच निघते, पण ती कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून सुरू होते ते पॉलिसीवर वाचा आणि मग गाडी काढा.