वाचक विचारतात : लिओपोल्डचा काँगो

मागच्या अंकात रबराच्या इतिहासावर लेख होता. त्यात बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोचा विषय दोन ओळींत उरकला होता, त्यावर इंदुरातून बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न इथे घेत आहोत.

होळकरांकडे दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि खासगी, म्हणजे घराण्याची स्वतःची मिळकत, वेगळी असायची. काँगो ही लिओपोल्डची तशीच खासगी होती का? – मल्हारगंज, इंदूर

निम्मं बरोबर. होळकरांची खासगी राज्याच्या पोटातच होती, फक्त हिशेब वेगळा. काँगोत मात्र अख्खं राज्यच खासगी होतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८६५ मध्ये गादीवर आला. त्याला वसाहत हवी होती, पण संसद पैसा सोडायला तयार नव्हती. मग १८७६ मध्ये त्याने ब्रसेल्सला भूगोलतज्ज्ञांची परिषद भरवली, विज्ञान आणि परोपकाराच्या नावाने एक संस्था काढली आणि पुढे स्टॅनली या आफ्रिकेतल्या शोधप्रवाशाला पगारावर ठेवून काँगो नदीकाठच्या सरदारांकडून शेकडो करारांवर खुणा करून घेतल्या. १८८५ मध्ये बेल्जियन संसदेने त्याला दुसऱ्या राज्याचाही प्रमुख व्हायची परवानगी दिली, पण हा संबंध राजाच्या व्यक्तीपुरताच राहील, या अटीवर. बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मुलूख, आणि धनी तिथे एकदाही गेला नाही. १८९६ मध्ये तर या खासगीतच आणखी एक खासगी निघाली. राजमुकुटाचा मुलूख म्हणून मोठा पट्टा बाजूला काढला, त्याचं उत्पन्न थेट राजाकडे.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘बर्लिन परिषदेने काँगो लिओपोल्डला दिला’ आणि ‘एक कोटी लोक मारले गेले’ अशी वाक्यं आहेत. तशीच लिहावीत का? – भंवरकुआँ, इंदूर

दोन्ही थोडी बदला. आफ्रिकेतल्या वसाहतींबाबत मुख्यतः युरोपीय देशांची ही परिषद नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ चालली, पण लिओपोल्डच्या संस्थेला मान्यता मिळाली ती एकेका देशाशी वेगळे करार करून. अमेरिकेने तर एप्रिल १८८४ मध्येच, म्हणजे परिषदेआधीच दिली होती. तेव्हा ‘परिषदेच्या सुमारास मान्यता मिळवली’ एवढंच लिहा.

एक कोटी हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. त्या काळात तिथे जनगणनाच नव्हती. लोकसंख्या निम्मी झाली, असा अंदाज १९१९ मध्ये एका बेल्जियन सरकारी आयोगाने केला. त्यावरून हा आकडा मागे मोजत काढतात. त्यात गोळीने मेलेले आहेत, तसे उपासमारीने, निद्रारोगाने, देवीने गेलेले आणि जन्मालाच न आलेलेही आहेत. ‘मारले गेले’ऐवजी ‘लोकसंख्या घटली’ लिहा. गुन्हा त्याने लहान होत नाही.

रबरासाठी लोकांचे हात तोडले, असं वाचलं. पण हात तोडला तर चीक कोण काढणार? – सुदामानगर, इंदूर

शंका रास्त आहे. उत्तर काडतुसांच्या हिशेबात आहे.

हे रबर लागवडीच्या झाडाचं नव्हे, जंगलातल्या लँडोल्फिया नावाच्या वेलीचं. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला, मागणी भडकली. आशियातले मळे लावून झाडाला चीक यायला सहा-सात वर्षं लागणार, तोवर जंगल ओरबाडायचं हा धंदा. १८९१-९२च्या हुकमांनी रबर आणि हस्तिदंत सरकारी मालकीचे ठरले. म्हणजे गावकऱ्याने ते इतर कुणाला विकलं तर चोरी.

रबराचा मक्ता मिळालेल्या अबीरसारख्या कंपनीच्या मुलखात दर माणशी पंधरवड्याला तीन-चार किलो सुकं रबर, असा साधारण कोटा. वेलीला चीर द्यायची, पातळ चीक अंगावर पसरून सुकवायचा आणि सोलून काढायचा, केसांसकट. घाईत लोक वेल आडवीच कापत. चीक भरपूर मिळे, पण वेल मरे. जवळच्या वेली संपल्या की आणखी आत, कित्येक दिवसांच्या वाटेवर जायचं. इकडे शेत पडीक, घरात दाणा नाही. पुरुषांनी पळून जाऊ नये म्हणून बायकांना ओलीस कोंडायचे. कोटा भरला नाही तर चिकोट, म्हणजे पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक. गोऱ्या एजंटांना मालाच्या प्रमाणात कमिशन असल्यामुळे हात आखडता घेण्यात त्यांचा तोटाच होता.

फोर्स पब्लिक या फौजेच्या शिपायाला काडतुसं मोजून मिळत. ती शिकारीत उडवली नाहीत, याचा पुरावा म्हणून दर काडतुसामागे मेलेल्याचा उजवा हात आणायचा. हात म्हणजे पावती. नेम चुकला, किंवा काडतूस माकडावर खर्ची पडलं, की जिवंत माणसाचा हात कापून हिशेब जुळवायचा. त्यात लहान मुलंही सुटली नाहीत. धुरावर भाजून टिकवलेल्या हातांच्या टोपल्या अधिकाऱ्यापुढे येत. रबराची निर्यात १८९० च्या सुमारे १०० टनांवरून १९०१ पर्यंत ६,००० टनांवर गेली.

हे उघडकीस कसं आलं? – राजेंद्रनगर, इंदूर

जहाजी मालाच्या कागदांवरून. लिव्हरपूलच्या बोट कंपनीतला कारकून मोरेल याच्या ध्यानात आलं की काँगोहून रबर आणि हस्तिदंत येतं, आणि परत जातात त्या मुख्यतः बंदुका आणि काडतुसं. म्हणजे मजुरीपोटी काहीच जात नाही. पुढे ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंची छायाचित्रं आणि १९०४ चा ब्रिटिश कॉन्सल केसमेंटचा अहवाल आला. अखेर १५ नोव्हेंबर १९०८ रोजी बेल्जियमने काँगो ताब्यात घेतला, लिओपोल्डची कर्जं अंगावर घेऊन आणि वर त्याला पाच कोटी फ्रँक द्यायचं कबूल करून. त्याआधी काँगोच्या दप्तरातले कागद आठवडाभर जळत होते.

सराफ्यात भोक असलेलं, चांदणीचं तांब्याचं नाणं मिळालं, त्यावर ‘काँगो’ वाचता येतं. त्या काळातलंच का? – रामबाग, इंदूर

कडेची अक्षरं भिंगाने वाचा. लिओपोल्डच्या नावापुढे ‘बेल्जियनांचा राजा’ आणि ‘काँगोच्या स्वतंत्र राज्याचा सार्वभौम’ अशा अर्थाच्या दोन पदव्या फ्रेंचमध्ये आखूड करून असतील, तर ते खासगी राज्याचं. १, २, ५ आणि १० सेंटीमची अशी नाणी १८८७ पासून निघाली. ‘काँगो बेल्ज’ असेल तर ते नंतरचं, बेल्जियन अमलातलं. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. वरचा काळसर थर गेला की संग्राहक भाव पाडतात.