यकृतातली साधी गाठ पोट न फाडता बरी होते का?

चोपड्याहून तुम्ही विचारलंय, आईच्या सोनोग्राफीत 6 सेंमीचा हिमँजिओमा निघाला, ऑपरेशन टळेल का?

ताई, आधी घाबरणं सोडा. हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन) किंवा एमआरआयने खात्री मात्र कराच.

गाठीमुळेच पोट दुखत असेल तर एम्बोलायझेशन करता येतं. जांघेतल्या किंवा मनगटातल्या छोट्याशा छिद्रातून बारीक नळी, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, यकृताच्या धमनीत नेतात आणि गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. माझ्या मावशीच्या जांघेवर नंतर फक्त एक पट्टी होती. पाय तेवढा काही तास सरळ ठेवावा लागला. थोडे दिवस ताप, दुखणं येऊ शकतं. गाठ हळूहळू आकसते, लगेच नाही. जळगाव-धुळ्याकडे दाखवताना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं (असे नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरचं) मत आवर्जून घ्या.