खाजेवर कच्चं मांस? आधी मांस कोणतं ते ठरवा

तुमचा तीन वर्षांचा कुत्रा बारा महिने खाजवतो, पंजे चाटतो. डॉक्टरांना अन्नाच्या अ‍ॅलर्जीची शंका आहे, आणि ओळखीच्या एकांनी सांगितलंय की तयार खाणं बंद करून कच्चं मांस सुरू करा, बरा होईल. करावं का, असं तुम्ही विचारलंय.

आजाराचं निदान होईपर्यंत तरी करू नका. मी केलंय, म्हणून सांगते.

माझ्या चिंगीचे पांढरे पंजे चाटून चाटून तांबूस झाले होते. लाळेचा रंग केसांवर चढतो तो. कानांना आंबूस वास यायचा. रात्री गळ्यातला बिल्ला खुळखुळला की मला जाग यायची, बघावं तर ही कान खाजवत बसलेली. मी दोन महिने तिला कच्चं चिकन घातलं आणि काडीचा फरक पडला नाही. पडणार कसा? आधीच्या खाण्यातही चिकनच होतं. अ‍ॅलर्जी असते ती बहुतेक वेळा एखाद्या प्रथिनाची. शिजवलं काय नि कच्चं दिलं काय, चिकन ते चिकनच. कच्च्यावर आणल्यावर ज्यांचा कुत्रा बरा होतो, त्यांच्याकडे बहुधा खाण्यातलं मांस बदललेलं असतं आणि श्रेय कच्चेपणाला जातं.

२०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. ३४ टक्के कुत्र्यांना बीफ सोसत नव्हतं, १७ टक्क्यांना दुधाचे पदार्थ, १५ टक्क्यांना चिकन आणि १३ टक्क्यांना गहू. म्हणजे रोजच्या खाण्यातलेच पदार्थ.

तेव्हा आधी पिसवांचं औषध नीट चालू आहे ना ते बघा आणि कानात, त्वचेत संसर्ग असेल तर त्यावर उपचार करून घ्या. मग एलिमिनेशन डाएट. कुत्र्याने जन्मात खाल्लं नसेल असं एकच मांस आणि एकच पिष्टमय पदार्थ, आठ आठवडे. दुसरं काहीही नाही. चिंगीला मी डुकराचं मांस आणि बटाटा दिला, दोन्ही शिजवून. हे जमणार नसेल तर डॉक्टर हायड्रोलाइज्ड खाणं लिहून देतात, त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा ते ओळखत नाही. रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका, अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे ‘दुसरं काहीही नाही’. आमचा पहिला प्रयत्न सहाव्या आठवड्यात वाया गेला, तोही जंताच्या गोळीमुळे. चघळायची गोळी होती, मांसाच्या चवीची. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात! कुत्र्यांची टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल, लेकरांच्या हातून सांडलेलं बिस्किट, सगळ्यावर नजर ठेवा.

खाज थांबली तरी काम अर्धंच झालेलं असतं. जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं आणि दोन आठवडे बघायचं. मन धजत नाही, पण त्याशिवाय खात्री होत नाही. चिंगी चिकन दिल्यावर तिसऱ्या दिवशी पंजे चाटायला लागली.

निदान झाल्यावर कच्चं द्यायचं की नाही हा तुमचा निर्णय. मी देत नाही. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया असू शकतात आणि फ्रीझरमध्ये ठेवून ते मरत नाहीत. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू घरभर जातात. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल, किंवा कुत्र्यालाच खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल, तर हा धोका नकोच. आणि कच्चं असो वा शिजवलेलं, नुसत्या मांसावर कुत्रा जगत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं, पिल्लांची तर हाडं वाकतात. म्हणून कायमचं घरचं खाणं द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडूनच आखून घ्या.

आज एक करा: त्याने आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी बनवा, त्याला कधी काही भरवलं असेल त्या प्रत्येकाला विचारून. ती इथे लिहिलीत तर सुरुवात कोणत्या मांसाने करता येईल ते बघू, आणि तेच डॉक्टरांना विचारून पक्कं करा.