चोवीस विजयांत अंतिम फेरी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे जावई माँट्रियलला असतात आणि तिथल्या कनेडियन्स या आइस हॉकी संघाचे कट्टर भक्त आहेत. 2021च्या मोसमाचा विषय निघाला की त्यांचं तोंड थांबत नाही. मी उत्सुकतेपोटी गुणतक्ता काढून बघितला, तर 56 सामन्यांत विजय फक्त 24. निम्मेसुद्धा नाहीत! असा संघ स्टॅनले चषकाच्या अंतिम फेरीत कसा काय पोचला? कोरोनाने पदरात टाकलेलं दानच ना हे?

उत्तर : तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. आधी तेवढ्याचा निकाल लावू.

एनएचएल म्हणजे कॅनडा-अमेरिकेतली आइस हॉकीची व्यावसायिक लीग, तिच्याच विजेत्याला स्टॅनले चषक मिळतो. तिथे विजयाला दोन गुण असतात, पण बरोबरीनंतर जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तरी एक गुण मिळतो. माँट्रियल असे तब्बल 11 सामने हरलं. म्हणजे विजयांचे 48 आणि हे 11, एकूण 59 गुण. (हरूनही गुण देण्याची ही पद्धत मला आजतागायत पटलेली नाही, पण ते राहू द्या.) त्यातच मोसम नेहमीच्या 82 ऐवजी 56 सामन्यांचा होता आणि सुरू झाला 13 जानेवारीला. कॅनडा-अमेरिका सीमा मार्च 2020 पासून बंद होती, म्हणून कॅनडाच्या सातही संघांचा एक वेगळा ‘नॉर्थ’ गट केला गेला. सगळे साखळी सामने त्यांनी आपापसातच खेळायचे, एकाच प्रतिस्पर्ध्याशी नऊ-दहा वेळा. प्रत्येक गटातले पहिले चार संघ बाद फेरीत. माँट्रियल चौथं आलं. तिकडे न्यूयॉर्क रेंजर्स आणि डॅलस स्टार्स 60 गुण मिळवूनही घरी बसले, कारण त्यांचे गट अवघड होते. तेव्हा दार उघडलं ते सीमेने, हे कबूल.

पण कोरोनाने त्या संघाला नुसतं दिलंच असं नाही. फेब्रुवारीअखेर प्रशिक्षक क्लोद ज्युलियन यांना नारळ मिळाला आणि त्यांचे सहायक दोमिनिक द्युशार्म हंगामी प्रशिक्षक झाले. घडी बसते न बसते तोच 22 मार्चला एडमंटनविरुद्धचा सामना त्याच दिवशी पुढे ढकलावा लागला, दोन खेळाडूंची नावं कोविडच्या यादीत गेली होती. आठवडाभर खेळ बंद, चार सामने पुढे ढकलले. ते भरून काढायचे कुठे? उरलेल्या दिवसांतच. मग सुमारे सहा आठवड्यांत 25 सामने असं वेळापत्रक अंगावर आलं. एक दिवस सामना, एक दिवस विमान, पुन्हा सामना. सराव जवळजवळ नाहीच. रोज चाचणी, आणि परगावी गेलं की हॉटेल ते रिंक (बर्फाचं मैदान), रिंक ते हॉटेल. ब्रेंडन गॅलाघरचा अंगठा मोडला, गोलरक्षक कॅरी प्राइस डोक्याच्या दुखापतीने बाहेर बसला. त्या 25 पैकी फक्त 10 सामने जिंकले. तुम्हाला तक्त्यात दिसलेला तो केविलवाणा आकडा या सहा आठवड्यांनी आणखी खाली ओढलेला आहे.

त्यानंतर मात्र जे झालं ते बर्फावर झालं. पहिल्या फेरीत टोरांटोविरुद्ध संघ 1-3 असा मागे होता. पाचव्या सामन्यात जादा वेळेचं पहिलं मिनिटही संपलं नव्हतं, तेवढ्यात कोल कॉफील्ड आणि निक सुझुकी, वीस-एकवीस वर्षांची दोन पोरं, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) घेऊन सुसाट निघाली. मध्ये एकही बचावपटू नाही, समोर फक्त गोलरक्षक. पक याच्याकडून त्याच्याकडे, पुन्हा याच्याकडे, आणि सुझुकीने गोल केला. दोन दिवसांनी, 29 मेला, माँट्रियलच्या घरच्या बेल सेंटर स्टेडियममध्ये सहावा सामना. क्वेबेकमध्ये, म्हणजे माँट्रियलच्या प्रांतात, जानेवारीपासून रात्रीची संचारबंदी होती, ती 28 मेला उठली आणि दुसऱ्याच दिवशी 2,500 प्रेक्षकांना आत सोडलं. मोसमभर झाकलेल्या खुर्च्यांपुढे खेळलेल्या संघाला पहिल्यांदा माणसांचा आवाज ऐकू आला. मी तो सामना पहाटे उठून बघत होतो. 21 हजारांच्या त्या अवाढव्य वास्तूत 2,500 माणसं म्हणजे विरळच, पण गलका असा की मला टीव्हीचा आवाज कमी करावा लागला. माँट्रियलने 2-0 अशी आघाडी घालवली, जादा वेळेत टोरांटोने प्राइसवर एकामागून एक फटके मारले, तो हलला नाही, आणि शेवटी येस्पेरी कोत्कानिएमीने गोल करून सामना संपवला. सातवा सामना टोरांटोत 3-1. पुढे विनिपेगला सरळ चार सामन्यांत गुंडाळलं. मग अमेरिकेच्या बलाढ्य वेगासला 4-2 असं हरवलं, तेही प्रशिक्षकांना मध्येच कोरोना झाल्याने सहायक ल्यूक रिचर्डसन यांच्या हाताखाली. वेगास काही नॉर्थ गटातलं नव्हतं. तिथे सीमेचा काय संबंध?

जावयांशी वाद घालायचाच असेल तर एक हुकमी पत्ता देतो. पुढच्या, 82 सामन्यांच्या मोसमात हाच संघ 32 संघांत शेवटचा आला. फक्त 22 विजय. त्यावर ते म्हणतील की प्राइस जेमतेम पाच सामने खेळला आणि कर्णधार शे वेबर एकही नाही. तेही खरंच आहे.

प्रश्न : स्टॅनले चषकावर 1919 या वर्षापुढे दोन संघांची नावं कोरली आहेत असं वाचलं. संयुक्त विजेते होते का?

उत्तर : नाही. त्या वर्षी विजेता ठरलाच नाही, आणि योगायोग असा की दोघांपैकी एक संघ माँट्रियल कनेडियन्सच.

तेव्हाही साथच आडवी आली, फ्लूची. कनेडियन्स रेल्वेने खंड ओलांडून सिॲटलला मेट्रोपोलिटन्सशी खेळायला गेले. पूर्वेकडे सहा खेळाडूंचा नियम, पश्चिमेकडे सातांचा, म्हणून एक सामना एकाच्या नियमाने तर पुढचा दुसऱ्याच्या. चौथा सामना जादा वेळेनंतरही 0-0 राहिला. पाचव्यात माँट्रियल 0-3 असं मागे पडून 4-3 असं जिंकलं, पण त्यांचा बचावपटू जो हॉल ताप चढल्याने अर्ध्यातच बर्फ सोडून गेला. दोघांचे दोन-दोन विजय झाले. निर्णायक सामना 1 एप्रिलला होता. तोवर माँट्रियलचे निम्म्याहून अधिक लोक अंथरुणावर, त्यांत संघाचे मालक जॉर्ज केनेडीही. खेळायला माणसंच उरली नव्हती. केनेडींनी चषक सिॲटलला देऊ केला. सिॲटलच्या पीट मल्डूननी तो घ्यायला नकार दिला, आजारी संघावर असा विजय त्यांना नको होता. आठवडाही झाला नव्हता, 5 एप्रिलला हॉल न्यूमोनियाने सिॲटलच्याच रुग्णालयात वारला. वय 37. केनेडी बरे झाले, पण तब्येत कायमची ढासळली आणि 1921 मध्ये तेही गेले.

नावं तेव्हा कोरलेली नाहीत. 1948 मध्ये चषकाला नवं रूप दिलं तेव्हा दोन्ही संघांची नावं आणि खाली ‘मालिका अपूर्ण’ अशी नोंद घातली.

प्रश्न : सीमा बंद होती म्हणता, मग 2021 मध्ये वेगास आणि अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी टाम्पा हे अमेरिकेचे संघ माँट्रियलला आले कसे? आणि अंतिम सामन्यांना प्रेक्षक होते का?

उत्तर : कॅनडा सरकारने जूनच्या सुरुवातीला संघांना खास सवलत दिली : स्वतंत्र विमान, चाचण्या, आणि मुक्कामात हॉटेल नि रिंकपलीकडे पाऊल टाकायचं नाही. इतरांना चौदा दिवसांचं विलगीकरण चालूच असताना. साहजिकच खूप लोक चिडले, आणि मला त्यांचा राग समजतो.

प्रेक्षक होते, पण पारडं सारखं नव्हतं. वेगासमध्ये स्टेडियम खच्चून भरलेलं, माँट्रियलमध्ये 3,500. अंतिम फेरीसाठी संघाने 10,500 जणांची परवानगी मागितली, क्वेबेकच्या आरोग्य खात्याने ती नाकारली. मग हजारो लोक बेल सेंटरच्या बाहेर रस्त्यावर जमले, अंतराबिंतराचा पत्ता नाही. आत बसवले असते तर निदान मोजता तरी आले असते. निकाल विचारलात नाही तरी सांगतो : टाम्पाने मालिका 4-1 अशी जिंकली, 7 जुलैच्या शेवटच्या सामन्यात एकुलता एक गोल रॉस कोल्टनचा.