दरमहाच्या औषधांचा भार आणि मदतीचे मार्ग

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राण्यांचे आरोग्य

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. शाळेच्या गणवेशांच्या शिलाईवर, तीही नगावर मिळणाऱ्या मजुरीवर, आमचे घर चालते. आमच्या सात वर्षांच्या गावठी कुत्र्याला, मोत्याला, दोन वर्षांपासून फिट येतात. सध्या फिनोबार्बिटोन, लेव्हेटिरासिटाम आणि यकृताचे टॉनिक अशी तीन औषधे चालू असून महिन्याला अडीच हजारांच्या आसपास खर्च होतो. शाळा सुरू झाल्या की शिलाईचे काम ओसरते आणि हा खर्च पेलत नाही. माणसांसाठी जन आरोग्य योजना आहे, तशी प्राण्यांसाठी एखादी सरकारी योजना किंवा ट्रस्ट आहे का? तोवर गोळ्या दिवसातून एकदाच दिल्या तर चालेल का? दीर म्हणतात, त्याला गावाकडे शेतात सोडून द्यावे.

उत्तर : ताई, शेवटच्या दोन गोष्टींचे उत्तर आधी देतो, कारण त्यांत उशीर परवडणारा नाही. गोळ्या मनाने कमी करू नका. फिनोबार्बिटोन एकाएकी कमी किंवा बंद केल्यास फिट पूर्वीपेक्षा जोरात उलटतात, एकामागून एक येत राहतात, आणि पाच मिनिटांहून अधिक चाललेली फिट जिवावर बेतू शकते. तशा वेळी शिरेतून द्यावी लागणारी औषधे आणि दवाखान्यातील देखरेख यांचा खर्च वाचवलेल्या गोळ्यांच्या कितीतरी पट होतो. शेतात सोडून देण्याविषयी म्हणाल, तर आजारी जनावर उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. शिवाय मोत्याची औषधे त्या दिवशीच बंद पडतील, हे दिरांना सांगावे.

आता मदतीविषयी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना माणसांपुरती आहे, आणि पाळीव कुत्र्यामांजरांच्या औषधांचे पैसे दरमहा देणारी तशी शासकीय योजना आपल्याकडे नाही. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा नवा घटक आणला आणि त्यासाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद केली. स्वस्त जेनेरिक पशुऔषधे पुरवणे हा त्याचा हेतू असला, तरी तो प्रामुख्याने गाई, म्हशी, शेळ्या पाळणाऱ्यांसाठी आखलेला आहे. पशुसंवर्धन विभागाच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासणी नाममात्र शुल्कात होते आणि तिचा लाभ आपण जरूर घ्यावा. मात्र तिथला औषधसाठाही मुख्यतः पशुधनाच्या गरजेप्रमाणे येत असल्याने अपस्माराच्या गोळ्या तिथून कायम मिळतील असे धरून चालू नये. ब्रिटनमध्ये १९१७ साली स्थापन झालेली पीडीएसए ही संस्था अल्प उत्पन्न असलेल्यांच्या प्राण्यांवर मोफत किंवा सवलतीत उपचार करते. आपल्याकडील प्राणिमित्र संस्थांची शक्ती मात्र बहुतेक रस्त्यावरच्या जखमी प्राण्यांवरच खर्ची पडते, आणि त्यांना त्याबद्दल बोल लावता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की दरमहाच्या खर्चासाठी दाता शोधत फिरण्यापेक्षा हा खर्च औषधाच्या चिठ्ठीवरच कमी करून घ्यावा, आणि मदत मागायची ती एकदाच येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी मागावी. एका शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी लोक हात सैल सोडतात. तेच लोक चौथ्या महिन्यात फोन उचलत नाहीत, आणि यात त्यांचा दुष्टावा नसतो.

तेव्हा आपल्या पशुवैद्यकांकडे जाऊन परवडणारी रक्कम किती आहे, ते आकड्यात सांगा. पुष्कळ लोकांना याचा संकोच वाटतो, ते मान डोलावून चिठ्ठी घेतात आणि घरी येऊन अर्ध्याच गोळ्या विकत आणतात. डॉक्टरांना वाटते की औषध लागू पडत नाही, म्हणून ते आणखी एक औषध वाढवतात. आपल्या तीन औषधांपैकी फिनोबार्बिटोन मुळातच स्वस्त आहे. महाग पडत असेल ते लेव्हेटिरासिटाम, कारण ते साधारणपणे दर आठ तासांनी द्यावे लागते. फिनोबार्बिटोनची रक्तातील पातळी मोजून ती कमी आढळली, तर त्याचाच डोस वाढवून दुसरे औषध हळूहळू काढता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा आहे. ही पातळी माणसांच्या प्रयोगशाळांमार्फतही मोजून मिळते. हा खर्च दरमहाचा नाही, आणि एखाद्या संस्थेकडे किंवा नातलगांकडे शब्द टाकायचा झाल्यास तो यासाठी टाकावा. प्रयोगशाळेचे बिल त्यांनी परस्पर भरावे असे सुचवले, तर देणाऱ्यालाही खात्री वाटते. यकृताच्या टॉनिकबद्दलही विचारा : या गोळ्या चालू असताना रक्ततपासणीत यकृताचे काही आकडे वाढलेले दिसतात, पण त्याचा अर्थ दर वेळी यकृत बिघडले असा होत नाही. टॉनिक थांबवता आले तर तेवढाच भार हलका होईल. मात्र दर सहा महिन्यांनी करायची रक्ततपासणी चुकवू नये.

लेव्हेटिरासिटाम चालू ठेवावेच लागले, तर ते जनऔषधी केंद्रात जेनेरिक स्वरूपात ब्रँडपेक्षा बरेच स्वस्त मिळते. कुत्र्याची चिठ्ठी माणसांच्या औषध दुकानात चालत नाही, हा समज खरा नाही. औषध नियमांत पशूंसाठीच्या चिठ्ठीची तरतूद आहे आणि तिच्यावर मालकाचे नाव व पत्ता असावा लागतो. तो नसल्यामुळेच कित्येकदा दुकानदार अडवतो. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव, गोळीची ताकद आणि मालकाचा पत्ता ठळकपणे लिहून घ्यावा. यातील ‘एक्सटेंडेड रिलीज’ (औषध हळूहळू सोडणाऱ्या) प्रकारची गोळी मोडून देऊ नये. पातळ औषध घ्यायचे झाल्यास त्यात झायलिटॉल नाही ना, हे लेबलवर पाहावे, कारण साखरेऐवजी वापरला जाणारा हा गोड पदार्थ कुत्र्यांना विषासारखा आहे. आणि मे महिन्यात हातात पैसे असतात तेव्हा, मुदत पाहून, पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवता येतील असे डॉक्टरांना चिठ्ठीत लिहायला सांगावे.

प्रश्न : मी निवृत्त असून जुळे सोलापुरात राहतो. आमच्या नऊ वर्षांच्या पॉमेरेनियन मादीला नुकताच मधुमेह निघाला. आता विमा उतरवला तर इन्शुलिनचा खर्च मिळेल का? निवृत्तिवेतनावरील आयकरात हा खर्च दाखवता येईल का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. पाळीव कुत्र्यांच्या विम्यात आधीपासून असलेला आजार वगळलेला असतो, नव्याने पॉलिसी घेण्यास वयाची मर्यादा असते, आणि बऱ्याच पॉलिसींचा भर रुग्णालयातील उपचार व शस्त्रक्रिया यांवर असतो. घरात पुढे लहान पिल्लू आले तर त्याचा विमा लवकर उतरवावा, आणि घेताना ‘दीर्घकालीन आजाराची बाह्यरुग्ण औषधे धरली आहेत का’ हे लेखी विचारावे. आयकरातील आरोग्य विमा व वैद्यकीय खर्चाच्या वजावटीत कुटुंबातील माणसेच येतात. एक लहानसा दिलासा आहे : पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे तपासणीच्या शुल्कावर तो लावलेला दिसला तर विचारणा करावी.

आपण पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे : मादीचे नसबंदीचे ऑपरेशन झाले आहे का? झाले नसेल, तर माजानंतर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही आणि डोस वाढत जातो. साखर थोडी आटोक्यात आणून गर्भाशय व अंडाशय काढल्यास इन्शुलिन बरेच कमी लागते, आणि लवकर केल्यास क्वचित प्रसंगी ते थांबूही शकते. खासगी दवाखान्यातील शुल्क जड वाटत असेल, तर शिरवळ आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या शिकवणी रुग्णालयांत चौकशी करावी. मधुमेही प्राण्याला भूल देण्यात जोखीम असतेच, म्हणून आपल्या डॉक्टरांचे पत्र आणि साखरेच्या नोंदी सोबत न्याव्यात.

इन्शुलिन माणसांचे चालेल का, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. काही प्रकार चालतात आणि ४० युनिटच्या (दर मिलीलिटरला ४० युनिट) कुप्या आपल्याकडे तुलनेने स्वस्त मिळतात. सिरिंजही ४० युनिटचीच, लाल टोपणाची, घ्यावी. ४० च्या कुपीला १०० ची सिरिंज वापरली, तर आकडा बरोबर दिसूनही डोस निम्म्याहून कमी जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवे गेले की फ्रिजचा भरवसा राहत नाही. अशा वेळी कुपी बर्फाला थेट न लावता कापडात गुंडाळून थंड डब्यात ठेवावी, कारण गोठलेले इन्शुलिनही निकामी होते. काटकसर म्हणून कुपी मुदतीबाहेर वापरत राहणे अखेर महागात पडते.

प्रश्न : आमचे मांजर मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. उरलेली औषधे दुसऱ्या गरजू मांजरासाठी देता येतील का?

उत्तर : न उघडलेल्या, मुदतीतल्या पट्ट्या आपल्या पशुवैद्यकांकडे द्याव्यात; कोणत्या रुग्णाला त्या चालतील, हे ते पाहतील. फोडलेली पातळ औषधे आणि फ्रिजबाहेर राहिलेली इंजेक्शने कोणालाही देऊ नयेत. परस्पर देवघेव तर टाळावीच, कारण अशा पिशवीत घरातली एखादी पॅरासिटामॉलची पट्टी सहज मिसळते आणि मांजराला तिची एक गोळीही मारक ठरू शकते. सलाईनच्या न उघडलेल्या बाटल्या असतील तर त्या आधी पोहोचवा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्या नेहमीच लागतात.